तृणनाशक आणि हट्ट्याचे पाणी

निजामाचा अंमल १९४८ च्या सप्टेंबरात संपुष्टात आला तरी त्यानंतर कित्येक वर्षे वसमत तालुक्यातील मौजे हट्टा आणि आसपासच्या काळ्या रानातले तण स्त्रियांच्या खुरप्याने व बैलांच्या कोळप्यानेच निघे. पुढे येलदरी-सिद्धेश्वरचे कालवे या मुलखात आले, ऊस फोफावला, मजूर अपुरे पडले, आणि १९५८ साली जगाच्या बाजारात उतरलेल्या अ‍ॅट्राझीनसारख्या तृणनाशकांनी मराठवाड्याच्या शेतीतही हळूहळू बस्तान बसविले. हे द्रव्य पावसाबरोबर भूगर्भात पाझरते, आणि पाणीपुरवठ्यातील तुरटी-क्लोरीन त्याला अडवीत नाहीत. युरोपीय संघाने २००४ साली त्याची मान्यता नाकारली; भारतीय मानकाने पेयजलात लिटरमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरविली. जंतूंसमवेत या विषाचीही तपासणी ग्रामपंचायतींनी दरसाल आग्रहाने मागावी.