शिवकालीन पत्रव्यवहारातील कार्यालयीन संज्ञापन : चिपळूण छावणीच्या पत्राचा अभ्यास

प्रस्तावना :
तांत्रिक व कार्यालयीन संज्ञापन हा विषय आज व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांतून शिकविला जातो. लेखन कोणासाठी आहे, त्याने काय करावयाचे, का करावयाचे आणि न केल्यास काय घडेल, या चार प्रश्नांची निःसंदिग्ध उत्तरे देणारे लेखन प्रभावी ठरते. ही तत्त्वे केवळ पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राची देणगी होत, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. मराठी साधनांच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पत्राची पार्श्वभूमी :
राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास चिपळूणनजीक हलवर्ण येथे असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूण येथे लष्कराचा मुक्काम पडल्यामुळे दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेल्या दाणावैरणीच्या साठ्याचा बराचसा भाग खर्च झाला होता. उरलेला साठा पावसाळा संपेपर्यंत पुरविणे व तो आगीपासून वाचविणे, हे दोन व्यावहारिक प्रश्न पत्रलेखनाच्या मुळाशी होते. या पत्राचा उल्लेख बहुधा रयतेविषयीच्या कळवळ्याचे प्रमाण म्हणून केला जातो. तो यथार्थच आहे. परंतु कामकाजी सूचनेचा नमुना म्हणूनही त्याचे मोल मोठे आहे.

पत्राचे विश्लेषण :
पहिली बाब कार्यकारणभावाची. दाणा आताच मनास येईल तसा उधळला तर भर पावसाळ्यात तो मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष पागेवरच येईल. मग लोक कुणब्यांकडून दाणा, भाकर, गवत, भाजी आणू लागतील. कुणबी गाव सोडतील आणि मोगलांपेक्षाही तुम्ही अधिक वाईट असे त्यांस वाटेल. एका आज्ञेमागील परिणामांची साखळी येथे क्रमाने उलगडली आहे.

दुसरी बाब नेमकेपणाची. आगीपासून सावध राहावे, एवढ्यावर पत्र थांबत नाही. कोणी आगट्या पेटवील, कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री घरात ठेवलेल्या दिव्याची वात उंदीर पळवील, असे धोक्याचे एकेक कारण नोंदविले आहे. आजच्या परिपत्रकांतील ‘योग्य ती दक्षता घ्यावी’ या वाक्याशी याची तुलना केल्यास फरक सहज ध्यानात येतो.

तिसरी बाब शिक्षेच्या मर्यादेची. गवत जळून गेल्यावर कुणब्यांना वा कारकुनांना कितीही कठोर शासन केले तरी पुन्हा निवारा उभारण्यास लाकूड मिळणार नाही, याची जाणीव पत्रात स्पष्ट आहे. शिक्षेचे पूर्ण सामर्थ्य हाती असलेल्या सत्तेने येथे समजावून सांगण्याचा मार्ग स्वीकारला, ही बाब महत्त्वाची होय.

परिभाषेचा प्रश्न :
राज्याभिषेकानंतर महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत फारसी-अरबी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यात आले. अमात्य, सचिव, सुमंत ही अष्टप्रधानांची पदनामे याच भाषाविषयक धोरणाची द्योतक आहेत. तथापि, छावणीच्या पत्रात पागा, दाणा, हवालदार असे पागेतील माणसांच्या नित्य परिचयाचे शब्द आहेत. हे पत्र व तो कोश यांत विरोध नसून वाचकवर्ग भिन्न आहे. एकाचे प्रयोजन दरबारी परिभाषेचे प्रमाणीकरण, तर दुसऱ्याचे तातडीचे आकलन. पुढील काळातही चिटणीस, फडणीस ही नावे टिकून राहिली, ती वापरणाऱ्यांच्या तोंडी रुळल्यामुळेच.

निष्कर्ष :
एका पत्रावरून संपूर्ण शिवकालीन लेखनव्यवहाराविषयी सिद्धांत मांडणे उचित ठरणार नाही. तरीही वाचकाची ओळख, कारणांची मांडणी, धोक्यांचा नेमका निर्देश आणि परिचित शब्दयोजना ही प्रभावी संज्ञापनाची अंगे सतराव्या शतकातील मराठी कारभारास अपरिचित नव्हती, एवढे निश्चितपणे म्हणता येते. महाविद्यालयांत व्यावहारिक मराठी शिकविताना अर्ज, सूचना व परिपत्रके यांचे केवळ साचे देण्याऐवजी अशी मूळ पत्रे विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास इतिहास व भाषा या दोन्ही विषयांचे अध्यापन अधिक अर्थपूर्ण होईल.