पक्षकारसंयोजन
एकाच दिवाणी दाव्यात अनेक व्यक्तींनी वादी म्हणून एकत्र येणे किंवा अनेकांना प्रतिवादी म्हणून सामील करणे, यास पक्षकारसंयोजन म्हणतात. ज्यास सामील करावयास नको होते त्यास सामील केल्यास ते अपसंयोजन व ज्यास सामील करावयास हवे होते त्यास वगळल्यास ते असंयोजन होय. विषय वरवर तांत्रिक दिसला, तरी कोणाच्या गैरहजेरीत कोणाच्या हक्काचा निकाल लागू शकतो, हा त्यामागील प्रश्न आहे. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरसारख्या तालुक्याच्या गावी जमिनींच्या दाव्यांत तो पदोपदी उद्‌भवतो.

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे चाले. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व बलुतेदार सभेस हजर राहत. वादी-प्रतिवादींच्या तकरिरी लिहून घेतल्या जात, जामीन घेतले जात आणि निर्णयाचा महजर तयार होई. त्यावर उपस्थितांच्या साक्षी व निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. वाद दोन घराण्यांचा असला, तरी निर्णयाने सारे गोत बांधले जाई. आजच्या अर्थाने हे पक्षकारसंयोजन नव्हे, कारण गोत पक्षकारही असे आणि न्यायकर्तेही. तथापि निर्णय ज्यांना पाळावयाचा ते निर्णयाच्या वेळी हजर असावेत, ही जाण तीत स्पष्ट दिसते.

इंग्रजी अंमलात ही सामूहिकता लोपली. मुंबई इलाख्यात प्रथम १८२७ चे विनियम, पुढे १८५९ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आणि त्यानंतर १८७७ व १८८२ च्या संहिता लागू झाल्या. एकच वादकारण असेल तरच अनेकांनी मिळून दावा लावावा, असा १८८२ च्या संहितेतील कलम २६ चा दंडक होता. इंग्लंडमध्येही हीच अडचण होती. एकाच जहाजातून कापसाच्या गासड्या कमी मिळालेल्या अनेक व्यापाऱ्यांनी लावलेला एकत्रित दावा, प्रत्येकाचा करार निराळा या कारणास्तव, हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८९४ मध्ये अयोग्य ठरविला. या निर्णयानंतर तेथील नियम १८९६ मध्ये बदलण्यात आला. १९०८ च्या भारतीय संहितेने हा नवा नियम स्वीकारला. एकाच कृतीतून, व्यवहारातून किंवा व्यवहारमालिकेतून हक्क निर्माण झाला असेल आणि कायद्याचा वा वस्तुस्थितीचा एखादा प्रश्न सामाईक असेल, तर आदेश १ नियम १ नुसार अनेकांना एकत्र वादी होता येते. याच वर्षी भीमेकाठच्या खेड गावी हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म झाला व पुढे गावास त्यांचेच नाव मिळाले. हा अर्थात केवळ योगायोग.

दख्खनच्या शेतकऱ्यांना मात्र ही सुधारणा उशिरा लाभली. १८७५ साली सुप्याहून सुरू झालेल्या दंग्यांत कुळांनी सावकारांची खतपत्रे एकजुटीने जाळली. न्यायालयात मात्र प्रत्येक कूळ आपापल्या खतापुरते एकटे होते आणि पुष्कळसे हुकूमनामे एकतर्फी होत. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने न्यायालयाला खतामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. दावे मात्र सुटेच राहिले.

समुदायाच्या हक्कांसाठी वेगळा मार्ग होता. १८७७ च्या संहितेपासून, समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एकास वा काहींना न्यायालयाच्या परवानगीने दावा लावता येऊ लागला. हाच आजचा आदेश १ नियम ८ खालील प्रातिनिधिक दावा. गावची वाट, गायरान, स्मशान, पाटाचे पाणी यांसंबंधीचे तंटे त्यातून चालतात. त्याची नोटीस सर्व संबंधितांना, आवश्यक तेथे जाहीर प्रकटनाने, द्यावी लागते. कारण त्यात झालेला निर्णय न्यायालयात न आलेल्यांनाही बांधतो. सार्वजनिक धर्मदाय संस्थांसाठी निराळी तरतूद होती. डाकोरच्या रणछोडरायाच्या देवस्थानाबाबत मनोहर गणेश तांबेकर यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये दिलेला निर्णय या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. चिंचवडच्या देव घराण्यातील तंटाही त्याच काळात उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

राजगुरुनगर परिसरात हा विषय सर्वाधिक जाणवतो तो वाटपाच्या दाव्यात. एकत्र कुटुंबाच्या जमिनीचे वाटप मागताना प्रत्येक हिस्सेदार आवश्यक पक्षकार असतो. त्यातील प्रत्येकजण एकाच वेळी वादी व प्रतिवादीही मानला जातो. चाकणच्या औद्योगिक वसाहतीमुळे जिरायत माळास भाव आला आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांच्या, विशेषतः लेकींच्या, हिश्श्याला महत्त्व आले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलींना सहदायिकत्व दिले. २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे सासरी गेलेल्या बहिणीस वगळून लावलेला दावा मुळातच लंगडा ठरतो. पक्षकारांच्या चुकीमुळे दावा फेटाळू नये, असे नियम ९ सांगतो. पण १९७६ च्या दुरुस्तीने आवश्यक पक्षकाराच्या असंयोजनास ही सवलत नाकारली आहे. नियम १० नुसार अशा व्यक्तीस मागाहून सामील करता येते.

पक्षकार वाढले की दावा लांबतो, हेही खरे. पक्षकार मयत झाल्यास नव्वद दिवसांत वारस दाखल करावे लागतात. न केल्यास त्याच्यापुरता दावा उपशमित होतो. पन्नास नावांच्या दाव्यात हे काम तीन पिढ्या पुरते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

भूसंपादनात संयोजनाचे काम काही अंशी कायद्यानेच केले. १८९४ च्या अधिनियमाखाली मोबदला वाढवून मागणारा प्रत्येक खातेदार स्वतंत्रपणे न्यायालयात जाई. १९८४ मध्ये घातलेल्या कलम २८-अ ने, एकास मिळालेल्या वाढीच्या आधारे त्याच अधिसूचनेतील न्यायालयात न गेलेल्या इतरांनाही तीन महिन्यांत अर्ज करता येऊ लागला. २०१३ च्या भूसंपादन अधिनियमातही कलम ७३ अन्वये ही तरतूद कायम आहे. मुदत मात्र न्यायालयाच्या निवाड्याच्या तारखेपासून मोजली जाते आणि शेजाऱ्याच्या दाव्याचा निकाल लागल्याचे वेळेवर न कळलेला खातेदार तिला मुकतो.