स्टेट : एका शब्दाचा मराठवाड्यातील प्रवास
१/ नांदेड-लातूरच्या विसाव्या शतकातील इतिहासात एक इंग्रजी शब्द पुनःपुन्हा भेटतो : 'स्टेट'. त्याचे अर्थ बदलत गेले. त्यामागचा प्रश्न मात्र एकच राहिला. हे 'स्टेट' कोणाचे?

२/ मूळ लॅटिन 'स्टेटस', म्हणजे उभे असण्याची अवस्था. आपला 'स्थिती' हा शब्द त्याच प्राचीन धातुकुळातला. मराठीत रुळलेला 'इस्टेट' हाही त्याचाच भाऊबंद.

३/ पहिला अर्थ : संस्थान. 'हैदराबाद स्टेट' म्हणजे निजामाचे राज्य. नांदेड हा त्यातील जिल्हा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. राज्याचे चलन 'हाली सिक्का', तर ब्रिटिश रुपया 'कलदार'. 'सर्फ-ए-खास' मुलखाचा महसूल थेट निजामाच्या खासगी खजिन्यात जाई. तेथे स्टेट आणि इस्टेट यांत फारसे अंतर उरले नव्हते.

४/ दुसरा अर्थ : सरकारी. शतकाच्या आरंभी नांदेडला रेल्वे आली, ती 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. नावात 'स्टेट' असले तरी कारभार कंपनीचा. भागधारकांच्या व्याजाची हमी निजाम सरकारची. १९३० मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि नावातील 'गॅरंटीड' गळाले.

५/ तिसरा अर्थ : प्रजेचे राज्य. १९३८ मध्ये 'हैदराबाद स्टेट काँग्रेस'वर स्थापनेपूर्वीच बंदी आली. २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला; स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. ही बंदी १९४६ मध्ये उठली.

६/ २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. परंतु गावोगावी रझाकारांची दहशत वाढत गेली. अखेर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थानी सत्ता संपली.

७/ चौथा अर्थ : घटकराज्य. १९५० मध्ये हैदराबाद भारताचे 'ब' वर्ग राज्य झाले; राजप्रमुख मात्र निजामच! १९५२ च्या निवडणुकीत येथील जनतेने प्रथमच प्रौढ मताधिकाराने विधानसभा निवडली.

८/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

९/ १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले. त्याला नाव मिळाले ते स्वामी रामानंद तीर्थ यांचे. ज्यांच्या संघटनेला 'स्टेट' हा शब्द लावून उभे राहण्यासही मनाई होती, त्यांचे नाव आज राज्याच्या विद्यापीठावर आहे.