मानववंशशास्त्र एम.ए.लाच का?

१८९५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठापुढे एक प्रस्ताव आला. मानववंशशास्त्र हा विषय घेऊन पदवीची परीक्षा देता यावी, एवढीच त्यातली मागणी होती. ती ज्यांच्यासाठी पुढे आली ते एडवर्ड बर्नेट टायलर स्वतः पदवीधर नव्हते. क्वेकर पंथाच्या घरात जन्मल्यामुळे त्यांच्या तरुणपणी ऑक्सफर्डची दारे त्यांना बंद होती. पुढे ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ या १८७१च्या ग्रंथाने त्यांचे नाव झाले आणि १८८४पासून ते त्याच विद्यापीठात व्याख्याने देऊ लागले. विषय होता, शिकवणारा होता, पिट-रिव्हर्स यांनी दिलेल्या वस्तूंचे संग्रहालयही उभे राहिले होते. तरी प्रस्ताव पडला. तो पाडायला धर्मशास्त्राचे, ग्रीक-लॅटिनचे आणि निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक एकत्र आले. एरवी या तिघांचे एकमत होणे दुर्मीळच. धर्माकडेही माणसाने घडवलेली गोष्ट म्हणून पाहणारा विषय अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या हाती देणे पहिल्याला कसे रुचणार? दुसऱ्याला ग्रीकांच्या शेजारी ‘रानटी’ लोक बसवणे खपणारे नव्हते आणि तिसऱ्याच्या लेखी हे विज्ञानच नव्हते. ऑक्सफर्डमध्ये पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र अशी जोडपदवी सुरू झाली ती १९९२ साली. मधली सत्त्याण्णव वर्षे, १९७०च्या सुमारास आलेला ‘ह्यूमन सायन्सेस’चा मिश्र अभ्यासक्रम सोडला तर, तिथे हा विषय पदवी झाल्यावरच शिकायचा होता.

या लांबलेल्या कालखंडातून एक समजूत रुजली आणि ती आपल्याकडेही आली: मानववंशशास्त्र हा प्रौढांचा विषय, आधी दुसऱ्या कशात तरी बी.ए. करावे आणि मग इकडे यावे. विषयाचा स्वभावच तसा आहे, असे याचे समर्थन केले जाते. मला ते पटत नाही. हा विषय पहिल्यांदा विद्यापीठात शिकायला कोण आले, हे पाहिले की समजुतीचे मूळ सापडते. प्रस्ताव पडल्यानंतर दहा वर्षांनी, १९०५मध्ये, ऑक्सफर्डने पदविका सुरू केली. १९०८च्या सुमारास सुदानच्या राजकीय सेवेत जाणारे तरुण अधिकारी या विषयाचे धडे घ्यायला ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला येऊ लागले. साम्राज्य चालवायचे तर प्रजेच्या चालीरीती कळायला हव्यात, हा युक्तिवाद सर्वांत हिरिरीने मांडणाऱ्यांत सर रिचर्ड कार्नॅक टेंपल होते. ते हिंदुस्थानात अधिकारी होते, मुंबईतून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’चे संपादक होते आणि त्यांचे वडील मुंबई प्रांताचे गव्हर्नर राहिलेले. विषय पैशाच्या आणि खुर्चीच्या दृष्टीने टिकला तो अशा पाठीराख्यांमुळे, आणि जे शिकायला येत ते नोकरीच्या उंबरठ्यावरचे, पदवी हातात असलेले लोक होते. वयाची अट ज्ञानातून आलेली नाही, गिऱ्हाइकाच्या वयातून आलेली आहे.

मुंबईचा इतिहास याहून वेगळा नाही. अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे १८८६ची, म्हणजे ऑक्सफर्डच्या पदविकेपेक्षा एकोणीस वर्षांनी जुनी. पण ती अधिकारी, वकील आणि जीवनजी जमशेदजी मोदी यांच्यासारख्या विद्वानांची मंडळी होती. तिथे निबंध वाचले जात, वर्ग भरत नसत. मुंबई विद्यापीठात १९१९ला पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्र सुरू झाले आणि १९२४मध्ये विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये मूळचे मालवणचे, एम.ए. संस्कृतचे. केंब्रिजला ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकले आणि १९२२मध्ये रिव्हर्स गेल्यावर हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट पुरी केली. विभागाच्या पाटीवर समाजशास्त्र असले तरी मुंबईत मानववंशशास्त्र शिकवले गेले ते घुर्यांच्याच वर्गात, आणि तो वर्ग पदव्युत्तर होता. इरावती कर्वे तिथे आल्या त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची बी.ए. घेऊन. म्हैसूरहून एम. एन. श्रीनिवास आले ते सोशल फिलॉसॉफीची ऑनर्स पदवी घेऊन. श्रीनिवासांच्या त्या पदवीत सामाजिक मानववंशशास्त्राचाही समावेश होता, हे जाता जाता नोंदवायला हवे. देशातल्या सर्वांत नामांकित मानववंशशास्त्रज्ञांपैकी एकाला या विषयाची तोंडओळख पदवीच्या वर्गातच झाली होती.

पुण्याची गोष्ट तर या मुद्द्याला जणू मुद्दाम घडवल्यासारखी आहे. डेक्कन कॉलेज हे टिळक-आगरकरांचे कॉलेज, पदवीच्या विद्यार्थ्यांनी गजबजलेले. सरकारने ते १९३४ साली बंद केले. माजी विद्यार्थी झगडले आणि १९३९मध्ये ते पुन्हा उघडले, पण पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था म्हणून. इरावतीबाई त्याच वर्षी तिथे रुजू झाल्या. महाराष्ट्रात मानववंशशास्त्राला पहिले भक्कम घर मिळाले ते असे, ज्या वास्तूतून पदवीचे विद्यार्थी नुकतेच बाहेर काढले गेले होते तिथे. त्या घरात काम मोठे झाले, यात वाद नाही. पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजचे उत्खनन झाले, महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापने झाली, १९५३मध्ये इरावतीबाईंचा भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा इंग्रजी ग्रंथ आला. ‘मराठी लोकांची संस्कृती’ आणि ‘युगान्त’ यांमधून मराठी वाचकाला मानववंशशास्त्रज्ञाची नजर मिळाली. मराठी माणसाने हा विषय वर्गात नव्हे, आरामखुर्चीत वाचून आत्मसात केला, असे म्हटले तरी चालेल. पण वाचक तयार होणे आणि विद्यार्थी तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘युगान्त’ वाचून मोजपट्टी आणि वही घेऊन कोणी गावात जात नाही.

यावर पहिला आक्षेप असा की थोर मंडळी तर दुसऱ्याच विषयांतून आली. मालिनोवस्की भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञानातून, फ्रांझ बोआस भौतिकशास्त्रातून, इव्हान्स-प्रिचर्ड इतिहासातून, घुर्ये संस्कृतातून. मग बाहेरून येण्यातच फायदा नाही का? हा युक्तिवाद दिसतो तितका मजबूत नाही. कोणत्याही विषयाची पहिली पिढी दुसरीकडूनच येते, कारण तो विषय शिकवणारे तोवर कुणी नसते. संस्थापक बाहेरचे होते म्हणून अनुयायीही बाहेरचे असावेत असा नियम आपण अर्थशास्त्राला लावत नाही. शिवाय १९४५नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅरिल फोर्ड यांनी शरीर, वस्तू आणि समाज या तिन्ही अंगांची मिळून पदवीच उभी केली आणि तो विभाग काही दुय्यम ठरला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्षेत्रकार्याला परिपक्वता लागते. एकोणीस वर्षांचा मुलगा अनोळखी माणसाच्या ओसरीवर बसून त्याला त्याच्या घरातल्या मृत्यूंबद्दल, लग्नांबद्दल विचारणार कसा? इथे या शास्त्राचे एक साधे हत्यार जवळून पाहावे. रिव्हर्स यांनी १८९८च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत वंशावळीची पद्धत बसवली. माणसाला विचारायचे ते आई, बाप, मूल, नवरा, बायको एवढ्याच नात्यांबद्दल. ‘काका’ किंवा ‘भाऊ’ असे शब्द टाळायचे, कारण त्यांत कोण कोण मोडते ते गावागणिक बदलते. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा, भावंडांच्या डोक्यावर एक सामाईक रेघ. चार पिढ्या काढल्या की कागदावर घर उभे राहते. आता पुण्या-सांगलीच्या कोणत्याही बी.ए.च्या वर्गात तीस मुलांना आपापल्या घरांचा असा तक्ता काढायला लावा. काहींच्या तक्त्यात मामाच्या मुलीशी झालेली लग्ने दोन-तीन पिढ्या सलग दिसतील. शेजारच्या बाकावरच्या मुलीला ते भावाबहिणीचे लग्न वाटेल. मामाची मुलगी चालते आणि आत्याची का चालत नाही, असा प्रश्न तिसरा कोणी विचारेल. महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या नातेव्यवस्थांच्या सीमेवरचा प्रदेश आहे, हे इरावतीबाईंनी ग्रंथातून दाखवले. त्या सीमेची दोन्ही टोके एकाच वर्गात, एकाच बाकावर सापडतात. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे झेपत नाही, हे मला मान्य नाही. उलट याच वयात त्याच्या घरी लग्नाच्या गोष्टी निघू लागतात. आपली तीच रीत, बाकीच्या विचित्र, ही खात्री हलवायला याहून योग्य वेळ कोणती?

तिसरा आक्षेप बंगालकडे बोट दाखवतो. आशुतोष मुखर्जींच्या पुढाकाराने कोलकाता विद्यापीठात १९२०मध्ये मानववंशशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, पुढे बंगबासी कॉलेजसारख्या महाविद्यालयांत तो पदवीलाही आला. त्याने काय साधले, असे विचारणाऱ्यांच्या हाती एक कटू उदाहरण आहे. इंग्रजी अमदानीत ‘गुन्हेगार जमात’ म्हणून नोंदल्या गेलेल्या लोधा शबर समाजातली चुनी कोटाल ही त्या समाजातली पहिली पदवीधर स्त्री. मिदनापूरच्या विद्यापीठात ती मानववंशशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. आपल्याला जातीवरून हिणवले जाते, अशी तिची तक्रार होती. १९९२मध्ये तिने आत्महत्या केली. ज्या शास्त्राने लोधांच्या चालीरीतींचे तक्ते काढले त्याच शास्त्राच्या विभागात एका लोधा मुलीला हे भोगावे लागले, ही गोष्ट झाकून पुढे जाता येत नाही. म्हणून मी असे म्हणत नाही की पदवीचे वर्ग उघडले की जात गळून पडेल. माझा मुद्दा वेगळा आहे. विषय वरच्या पायरीवरच ठेवला की तिथवर पोचणारे थोडे आणि बहुधा एकाच थरातले असतात. ज्यांचा अभ्यास होतो ती मुले वर्गात येईतो शिक्षक, पुस्तके, प्रश्न सगळे ठरून गेलेले असते. महाराष्ट्रात कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांनी १९८०मध्ये ‘उपरा’ लिहिले ते साहित्य म्हणून आले, साहित्य म्हणूनच गाजले. त्यात भटकंतीचे, जातपंचायतीचे, पोटापाण्याचे जे तपशील आहेत ते कोणत्याही क्षेत्रकार्याच्या अहवालाला लाजवतील. तशा मुलांसाठी वर्ग खुला असता तर तक्ते कोणी काढायचे आणि कोणाचे, हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच इथे विचारला गेला असता.

समाजशास्त्र आहेच की, मग वेगळा विषय कशाला, असेही म्हटले जाते. घुर्यांना ही फाळणी फारशी मान्य नव्हती. आदिवासी म्हणजे मागे पडलेले हिंदूच, या त्यांच्या १९४३च्या भूमिकेशी हे सुसंगतही होते. त्या भूमिकेवरून आदिवासींचे अभ्यासक व्हेरियर एल्विन यांच्याशी त्यांचा वाद झाला. पण या एकत्रीकरणाची किंमत अभ्यासक्रमात दिसते. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत बी.ए.च्या समाजशास्त्रात आदिवासी समाज एक प्रकरण म्हणून येतो, आणि मुंबईच्या सेंट झेवियर्ससारखे अपवाद सोडले तर मानववंशशास्त्राचे नाव विभागाच्या पाटीवरही नसते. शरीर, प्रागितिहास, वस्तू ही अंगे तर पूर्ण गळतात. गंमत अशी की हाच विषय पुण्यात सदाशिव पेठेच्या अभ्यासिकांमध्ये भरपूर वाचला जातो, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला घ्यायचा वैकल्पिक विषय म्हणून. वंशावळ, टोटेम, डार्विन सगळे तिथे पाठ होते, पण कोणी कोणाच्या ओसरीवर जात नाही.

उरतो प्रश्न वेळेचा आणि माणसांचा. तीन वर्षांच्या पदवीत क्षेत्रकार्याला जागा कुठे, ही अडचण खरी होती. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनासाठी एक वर्ष ठेवल्यावर ती बरीच सैल झाली आहे. शिक्षकांची अडचण मात्र राहते. महाविद्यालयात विषय नसेल तर पद मंजूर होत नाही आणि एम.ए. झालेल्याला शिकवायला जागा नसते. कोलकात्याने शंभर वर्षांत हा पेच हळूहळू सोडवला, दिल्लीने १९४७मध्ये विभाग काढून बी.एस्सी. ऑनर्सपर्यंत नेला. महाराष्ट्रात तो सुटायचा तर सुरुवात नव्या विभागांपासून नव्हे, समाजशास्त्राच्या आहे त्या विभागांत एका शिक्षकाच्या नेमणुकीपासून होऊ शकते. त्याला वंशावळीचा तक्ता काढता यावा, मोजमापाचा कॅलिपर धरता यावा, आणि वर्षातून पंधरा दिवस मुलांना घेऊन गावात राहायची त्याची तयारी असावी.