पंडिता रमाबाई : बाप्तिस्मा आणि नवा जन्म

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा विचार करणारे पुष्कळ लेखक त्यांच्या धर्मांतराची तारीख २९ सप्टेंबर १८८३ ही देतात, आणि तेथेंच तो विषय संपवितात. त्या दिवशीं इंग्लंडांत वांटेज येथें रमाबाईंनीं कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु सन १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनांत बाईंनीं जें सांगितलें आहे त्याचें तात्पर्य असें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण ख्रिस्त सांपडला नव्हता, हें बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं आपल्या ध्यानांत आलें. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गणनेनें खरें परिवर्तन १८९१ च्या सुमाराचें ठरतें. या दोन सनांमधील अंतर केवळ भाविकांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. १८९३ सालीं पुण्यांत शारदा सदनावर जें वादळ उठलें त्याचा न्याय करितांना हें अंतर ध्यानांत घेणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ‘नवा जन्म’ या कल्पनेचा उगम पाहूं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांत निकदेम नांवाचा एक परूशी रात्रीं येशूकडे येतो. हा धर्मशास्त्राचा जाणता, लोकांचा शिक्षक. त्यास येशू सांगतो कीं, नवा जन्म झाल्यावांचून देवाचें राज्य दृष्टीस पडत नाहीं. मूळ ग्रीकांत येथें ‘आनोथेन’ असा शब्द आहे. त्याचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. निकदेम पहिला अर्थ घेतो व म्हाताऱ्या मनुष्यानें पुन्हा मातेच्या उदरांत कसें शिरावें असें विचारतो. येशूचा रोख दुसऱ्या अर्थाकडे आहे. ज्ञान असूनहि शास्त्री येथें अडखळतो, हेंच या प्रसंगाचें मर्म होय.

आपल्या शास्त्रांशीं परिचय असलेल्या वाचकांस ही कल्पना अगदींच परकी वाटणार नाहीं. छांदोग्याच्या सातव्या अध्यायांत नारद सनत्कुमारापुढें आपल्या विद्यांची लांबलचक यादी वाचतो आणि आपण मंत्रवेत्ते आहों, आत्मवेत्ते नाहीं, असें कबूल करितो. मुंडकांत चारहि वेद आणि वेदांगें अपरा विद्येंत घातलीं आहेत. तथापि भेदहि तितकाच स्पष्ट आहे. उपनिषदांत अपुऱ्या ज्ञानावरचा उपाय श्रेष्ठ ज्ञान हा आहे. योहानाच्या ग्रंथांत तो ज्ञान नसून जन्म आहे, आणि जन्म कोणी स्वतःच्या यत्नानें घेत नाहीं. धर्मशास्त्रांतील दुसरा जन्म तो उपनयनाचा. परंतु मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणें स्त्रियांस विवाह हाच वैदिक संस्कार. तेव्हां द्विजत्वाचें तें द्वार स्त्रीस बंदच होतें. मराठींत ‘पुनर्जन्म’ शब्द वापरावा तर कर्मानुसार होणारा देहांतरप्रवेश मनांत येतो. म्हणून ‘नवा जन्म’ हा प्रयोग ख्रिस्ती लिखाणांत सोयीचा ठरला.

आतां रमाबाईंकडे वळूं. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या सन १८५८ मध्यें जन्मली. लहानपणींच भागवताचे हजारों श्लोक तिला मुखोद्गत झाले. १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितमंडळीनें तिचा ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनीं गौरव केला. पण तिनें वेद वाचावे असें सुचवून वेदाची प्रत तिच्या हातीं दिली ती केशवचंद्र सेन यांनीं. म्हणजे जी स्त्री पुराणांत पारंगत, तिला श्रुतीचा अधिकार परंपरेनें दिला नव्हता. ख्रिस्ती मताकडेहि त्या शास्त्रचर्चेच्याच वाटेनें गेल्या. १८४८ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले काशीचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे, ऊर्फ नेहेम्या, यांच्या पत्रांनीं आपली बुद्धीची खात्री पटली, असें बाईंनीं लिहिलें आहे.

ज्या भगिनीमंडळाकडे त्या राहिल्या तें इंग्लंडच्या चर्चमधील उच्चपंथाचें होतें. या पंथाच्या मतें बाप्तिस्म्याच्या संस्कारांतच नवा जन्म घडतो. याच मुद्द्यावर गोरहॅम नांवाच्या पाद्र्याचा एक्झिटरच्या बिशपाशीं झगडा होऊन १८५० सालीं प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीनें निकाल गोरहॅमच्या बाजूनें दिला होता. दुसरा पक्ष म्हणे कीं, संस्कार झाला तरी अंतःकरण पालटल्याशिवाय नवा जन्म नव्हे. या पक्षाचा विल्यम हॅस्लम हा पाद्री. १८५१ मध्यें कॉर्नवॉलांत स्वतःचेंच प्रवचन चालू असतां आपलें परिवर्तन झालें, असें त्यानें आपल्या चरित्रग्रंथांत लिहिलें. तो ग्रंथ रमाबाईंनीं हिंदुस्थानांत परतल्यावर वाचला, आणि आपणहि याच अवस्थेंत आहों असें त्यांस वाटलें. जो उपदेशक स्वतःच निकदेम निघाला त्याची कथा या पंडितेस लागू पडावी, यांत नवल नाहीं.

येथें एक सावधगिरी हवी. १९०७ चें आत्मनिवेदन घटनेनंतर सुमारें सोळा वर्षांनीं लिहिलेलें आहे. १९०५ सालीं केडगांवच्या मुक्तिसदनांत झालेल्या जागृतीनंतरचें आहे. आणि आयुष्याचे ‘पूर्वी अंधार, नंतर प्रकाश’ असे दोन भाग करणें हा त्या पक्षाच्या लेखनाचा संप्रदायच आहे. म्हणून तें आधींच्या कागदांशीं ताडून पाहावें लागतें. १९७७ मध्यें प्रसिद्ध झालेला बाईंचा पत्रव्यवहार याकामीं फार उपयोगी आहे. त्यांत त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घालतात आणि आपली सदसद्विवेकबुद्धि कोणाच्या अधिकाराखालीं देण्याचें नाकारितात. या पत्रांत शास्त्रार्थ पुष्कळ आहे, हें खरें. पण भक्ति नाहीं असें मात्र म्हणवत नाहीं. तेव्हां १८९१ च्या पूर्वीं सर्व कोरडें ज्ञान होतें, हें पुढील दृष्टीनें रंगविलेलें चित्र समजावें. अनुभवाचा भर बदलला, एवढें निश्चित.

आतां शारदा सदनाचा प्रश्न. अमेरिकेंत डिसेंबर १८८७ मध्यें स्थापन झालेल्या मंडळीच्या द्रव्यसाहाय्यानें ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस सदन उघडलें तें धर्मशिक्षण न देण्याच्या अटीवर. पुढें तें पुण्यास आलें. १८९३ मध्यें मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात अशी ओरड झाली. बाईंचें म्हणणें, आपण कोणास बोलावीत नाहीं, पण आपल्या प्रार्थनेचें दार लावणारहि नाहीं. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. कित्येकांनीं यास आरंभापासूनचें कपट ठरविलें.

वरील कालक्रम पाहतां हा आरोप टिकत नाहीं. १८८९ मध्यें वचन देणाऱ्या रमाबाईंस धर्म हा मुख्यतः पटलेला सिद्धांत होता; सिद्धांत शाळेबाहेर ठेवितां येतो. १८९१ नंतर तो त्यांस जीवनच वाटूं लागला, आणि जीवन उंबऱ्याबाहेर ठेवितां येत नाहीं. परंतु तितक्यानें सल्लागारांचीहि तक्रार पोकळ ठरत नाहीं. पालकांनीं मुली पाठविल्या त्या १८८९ च्या शब्दावर. वचन देणाऱ्याचें अंतःकरण पालटलें म्हणून वचन घेणाऱ्याचा हक्क संपत नाहीं. त्यांनीं राजीनामे दिले हें योग्यच झालें. खेद इतकाच कीं, झालेला बदल त्या वेळीं उभयपक्षीं स्पष्ट शब्दांत मांडला गेला असता, तर वियोग अटळ असूनहि कटुता टळती.

बाईंनीं पुढें हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. तें ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान होण्याच्या सुमारास पुरें झालें, व १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. ज्ञानानें नवा जन्म मिळत नाहीं असें सांगणाऱ्या या विदुषीनें अखेरपर्यंत ज्ञान टाकिलें नाहीं, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनीं विसरूं नये.