९१७, ९१२, ४४३ : होळकर संघाच्या काळातील अविस्मरणीय विक्रम

बुऱ्हाणपूर : अमेरिकेत बेसबॉलच्या चाहत्यापुढे ५६ हा आकडा उच्चारला, की तो लगेच जो डिमॅजिओचे नाव घेतो. १९४१ साली या खेळाडूने सलग ५६ सामन्यांत प्रत्येकी किमान एकदा तरी यशस्वी फटका मारून तळ गाठला आणि तो विक्रम आजतागायत अबाधित आहे. आकड्यांवर इतकेच प्रेम करणारा आपला खेळ म्हणजे क्रिकेट. त्यातील काही आश्चर्यकारक आकडे आपल्या अगदी शेजारी, इंदूरच्या होळकर संघाशी निगडित आहेत; मात्र ते ऐकताच आपल्याला कुणाचे नाव आठवेल, याची खात्री देता येत नाही.

महाराजा यशवंतराव होळकर यांचा आश्रय आणि कर्नल सी. के. नायडू यांचे नेतृत्व लाभलेल्या या संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत १० वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असे ४ वेळा विजेतेपद मिळवले. बुऱ्हाणपूर तेव्हा होळकर संस्थानात नव्हते, मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. पण या संघाचे आधारस्तंभ केवळ संस्थानातले नव्हते. नायडूंचा जन्म नागपूरचा, चंदू सरवटे यांचा सागरचा. म्हणजे दोघेही आपल्याच मध्य प्रांतातले.

९१७ चेंडू

मार्च १९४५. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई विरुद्ध होळकर असा अंतिम सामना. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, होळकरांनी ३६० आणि ४९२. चार डावांत मिळून २,०७८ धावा झाल्या. विजय मर्चंट यांनी २७८ धावा काढल्या. होळकरांकडून मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके केली, तर लष्करी सेवेनिमित्त महूला असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिले. तरीही होळकर संघ ३७४ धावांनी हरला.

या धावांच्या पुरात एक माणूस गोलंदाजी करीतच राहिला. सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी पहिल्या डावात ६४.५ आणि दुसऱ्या डावात ८८ षटके टाकली. एकूण ९१७ चेंडू, ४२८ धावा, ११ बळी. एका प्रथम श्रेणी सामन्यात एवढे चेंडू आजवर कुणीही टाकलेले नाहीत. विक्रम हा नेहमी विजेत्याचाच असतो असे नाही, हे या आकड्याइतके दुसरे कुठे दिसणार नाही.

९१२ धावा

पुढच्याच हंगामात, १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात, इंदूरला होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात सहा शतके झाली : कमल भांडारकर १४२, चंदू सरवटे १०१, माधवसिंह जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, भाऊसाहेब निंबाळकर १७२ आणि प्रताप सिंह १००. कर्णधार नायडू तेव्हा पन्नाशीत होते. १९९३-९४ मध्ये हैदराबादने आंध्रविरुद्ध ६ बाद ९४४ धावा करून रणजीतील सर्वोच्च धावसंख्येचा मान घेतला. एकाच डावात सहा शतकांचा मान मात्र होळकरांकडेच राहिला.

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात, मे १९४६ मध्ये, सरवटे यांनी आणखी एक नवल केले. ओव्हलवर सरेविरुद्ध भारतीय संघ ९ बाद २०५ असा अडचणीत होता. सरवटे नाबाद १२४ आणि शुटे बॅनर्जी १२१, या जोडीने शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोन्ही फलंदाजांनी एकाच डावात शतक केल्याचे प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हे एकमेव उदाहरण होय.

४४३, आणि न मिळालेल्या धावा

डिसेंबर १९४८. पुण्याच्या पूना क्लब मैदानावर महाराष्ट्राची गाठ काठियावाडशी पडली. त्या ९१२ मधील दोन शतकवीर, निंबाळकर आणि भांडारकर, आता महाराष्ट्राकडून खेळत होते. दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले. निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा १९३० चा नाबाद ४५२ धावांचा विश्वविक्रम अवघ्या ९ धावांवर होता. तेवढ्यात खेळातील विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. नको त्या विक्रमाच्या नोंदीत आपल्या संघाचे नाव राहू नये, एवढीच त्यांची चिंता होती. फलक ४ बाद ८२६ वर थांबला.

कोल्हापूरच्या या फलंदाजाला पुढे एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. रणजी करंडकातील आणि कोणाही भारतीयाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी आजही तीच आहे. ठाकोरसाहेबांनी जी नोंद टाळू पाहिली, ती टळली नाहीच. उलट सामना सोडल्याची गोष्ट तिच्याशी कायमची जोडली गेली.

संस्थान गेले, वारसा उरला

होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. संघ मात्र आणखी सात हंगाम त्याच नावाने खेळला. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदूरलाच मद्रासकडून गमावल्यावर ते नाव रणजीतून गेले. आधी मध्य भारत आणि नंतर मध्य प्रदेश असा संघ आला. या संघाला पहिल्या विजेतेपदासाठी २६ जून २०२२ पर्यंत थांबावे लागले. बंगळूरला त्याने मुंबईला ६ गडी राखून हरवले. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, जे १९९८-९९ मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते.

होळकर हे नाव आज इंदूरच्या स्टेडियमवर आहे. वीरेंद्र सेहवाग यांनी ८ डिसेंबर २०११ रोजी वेस्ट इंडिजविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात २१९ धावा केल्या, त्या तेथेच. तेथे सामना पाहायला जाणाऱ्या बुऱ्हाणपूरच्या मुलांना ९१७, ९१२ आणि ४४३ हे तीन आकडेही सांगून ठेवावेत.