कर्ज घराचं, विमा कोणाचा?

आमच्या वर्ध्यात लहानपणी घर ही रिटायर झाल्यावर बांधायची गोष्ट होती. प्रॉव्हिडंट फंड हातात आला की प्लॉटवर विटा पडायच्या. मी मात्र तिशीतच पुण्यात वीस वर्षांच्या हप्त्यांवर सह्या करून मोकळा झालो. त्यात एक विम्याचा कागदही होता. परवा तो पहिल्यांदा वाचला आणि दीपक सातवळेकर आठवले.

आपल्या आयटीवाल्यांना ते इन्फोसिसचे माजी संचालक म्हणून माहीत असतील. मुळात आयआयटी मुंबईचे इंजिनिअर, नंतर अमेरिकेत एमबीए. १९७७ साली हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली ती पगारदाराला उमेदीच्या वयातच घर घेता यावं म्हणून. १९९३ ते २००० सातवळेकर तिचे मॅनेजिंग डायरेक्टर होते.

आयुर्विमा तेव्हा सरकारी होता, १९५६ पासून एलआयसीच. एचडीएफसीने स्कॉटलंडच्या स्टँडर्ड लाइफशी १९९५ मध्येच करार केला, पण कायदा व्हायला १९९९ उजाडलं. २३ ऑक्टोबर २००० ला एचडीएफसी स्टँडर्ड लाइफला खाजगी आयुर्विम्याचा पहिला परवाना मिळाला. सातवळेकर जमलेली खुर्ची सोडून या नव्या कंपनीचे प्रमुख झाले, ते २००८ पर्यंत.

मला यात उडी कमी आणि सलगपणा जास्त दिसतो. वीस वर्षांचं कर्ज देणारा माणूस शेवटी कर्जदार वीस वर्षं जगेल आणि कमावेल यावरच पैसे लावतो. कमावता गेला तर? या प्रश्नाचं उत्तर विमा.

पण उत्तरं दोन आहेत, आणि इथेच गल्लत होते. २०१२ साली इंडिया मॉर्टगेज गॅरंटी कॉर्पोरेशन आली. हप्ते थकले तर ती भरपाई देते ती कर्ज देणाऱ्याला. कर्जदार सुटत नाही. आयुर्विमा वेगळा, तो घरच्यांसाठी.

माझा कागद मधला निघाला. मी गेलो तर उरलेलं कर्ज फिटणार, घर बायको-मुलीकडे राहणार. छान! पण कर्ज उतरेल तसा विमाही उतरणार, आणि घरखर्चाला एक पैसा नाही. वर एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्यावरही व्याज. (बँकेचं नाव नको, सही माझीच होती.)

असो. आता वेगळी टर्म पॉलिसी घेतली आहे. तुमची फाइल काढा मंडळी, आणि एवढंच बघा: पैसे कोणाच्या हातात पडणार?